जवळची वाट

आजीच्या पेटीतली मोहनमाळ पन्नास वर्षांनी बाहेर काढली तरी काल घडवल्यासारखी दिसते. पितळेला कळंक चढतो, चांदी काळवंडते, लोखंड गंजतं. सोनं जसंच्या तसं राहतं. या गुणावर भरवसा ठेवूनच प्रयोगशाळेत नव्या सौरघटाच्या पाठीवर, जिथून वीज बाहेर काढायची तिथे, पुष्कळदा सोन्याचा थर देतात. असेच चार सौरघट अवकाशात गेले आणि सहा वर्षं पृथ्वीभोवती फिरत राहिले. प्रारणांचा मारा झाला, दिवसातून चौदा-पंधरा वेळा कडक ऊन आणि गोठवणारा अंधार आलटून पालटून आला. ते सगळं त्यांनी सोसलं. तरीही त्यांची ताकद हळूहळू कमी होत गेली आणि त्याचं कारण त्या सोन्यात सापडलं. सोनं गंजलं नव्हतं. ते आपली जागा सोडून चालू लागलं होतं.

या सौरघटांचा प्रवास आपल्याच भूमीवरून सुरू झाला. २६ सप्टेंबर २०१६ रोजी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३५ हा प्रक्षेपक उडाला. त्यात आठ उपग्रह होते. मुख्य प्रवासी होता समुद्रावरच्या वाऱ्यांचा वेध घेणारा ‘स्कॅटसॅट-१’. त्याच्याबरोबर आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘प्रथम’ होता. पवईच्या त्या मुलांचं कौतुक तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी आपुलकीने केलं होतं. याच यानात अल्जीरियाचे तीन उपग्रह होते आणि त्यांतला सर्वांत लहान ‘अल्सॅट-१एन’. दहा सेंटीमीटर रुंद, तेवढाच खोल आणि तीस सेंटीमीटर लांब असा हा चिमुकला उपग्रह ब्रिटन आणि अल्जीरिया यांच्या सहकार्यातून, सरे विद्यापीठात तयार झाला होता. त्याच्यावर वेल्समधल्या स्वान्सी विद्यापीठाने बनवलेले चार सौरघट बसवले होते. प्रत्येकाचं क्षेत्रफळ फक्त १ चौरस सेंटीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं.

उपग्रह चालवण्याचं काम या चौघांकडे नव्हतं. त्यासाठी नेहमीचे सौरघट होते. यांनी फक्त जगायचं होतं आणि आपण कसे जगतो आहोत हे कळवत राहायचं होतं. पातळ थरांचा सौरघट अवकाशात टिकतो का, आणि टिकत नसेल तर नेमका कुठे मोडतो, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडून हवं होतं.

किलोचा हिशेब

१९५७ मध्ये सोडलेला स्पुटनिक-१ तीन आठवडे बोलला आणि बॅटरी संपल्यावर मुका झाला. पुढच्याच वर्षी, १७ मार्च १९५८ रोजी, अमेरिकेचा व्हॅन्गार्ड-१ कक्षेत गेला. दीड किलोच्या आसपास वजनाच्या त्या गोळ्याच्या अंगावर सिलिकॉनचे सौरघट बसवलेले होते. त्याचा बॅटरीवरचा प्रेषक त्याच वर्षीच्या जूनमध्ये बंद पडला, सौरघटांवरचा मात्र मे १९६४ पर्यंत चालू राहिला. अवकाशात दीर्घकाळ काम करायचं तर सूर्यावर जगायला हवं, ही गोष्ट त्या सहा वर्षांनी सिद्ध केली.

पृथ्वीजवळच्या अवकाशात सूर्याकडे तोंड केलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॉट ऊर्जा पडते. आज मोठ्या उपग्रहांवर गॅलियम आर्सेनाइड आणि त्याच्या भावंडांचे तीन थर एकावर एक चढवलेले सौरघट असतात. मिळालेल्या प्रकाशापैकी सुमारे ३० टक्क्यांची ते वीज करतात. त्यांची गुणवत्ता निर्विवाद आहे. पण ते महाग असतात, ठिसूळ असतात आणि त्यांना सांभाळायला मागे कडक आधार लागतो. अवकाशात जाणाऱ्या प्रत्येक किलोची किंमत मोजावी लागते, म्हणून वीज किती मिळते याइतकाच ती दर किलोमागे किती मिळते हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

इथे पातळ थर पुढे येतात. कॅडमियम टेल्युराइड, किंवा तांबं, इंडियम, गॅलियम आणि सेलेनियम यांचं संयुग, हे पदार्थ प्रकाश इतक्या उत्सुकतेने शोषतात की एक-दोन मायक्रोमीटर जाडीत बहुतेक सगळा दृश्य प्रकाश अडतो. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. मिठाईवर वर्ख बसवावा तसा हा पदार्थ काचेवर किंवा लवचीक पत्र्यावर, प्लास्टिकवर चढवता येतो. वापरातल्या सिलिकॉन घटाला त्याच कामासाठी शंभर-दोनशे मायक्रोमीटर जाडी लागते.

हे स्वप्न किती दूर नेता येतं याची झलक जपानने २०१० मध्ये दाखवली. ‘इकारोस’ नावाचं त्यांचं यान १४ मीटर बाजूचं चौकोनी शीड उघडून, सूर्यप्रकाशाच्या दाबावर शुक्राच्या दिशेने गेलं. शिडाचा कागद ७.५ मायक्रोमीटर जाडीचा आणि त्याच्यावर चिकटवलेले अस्फटिकी सिलिकॉनचे पातळ सौरघट २५ मायक्रोमीटरचे. शीडच वीजघर झालं होतं.

उखडलेला रस्ता

अवकाशात सौरघटाचं सर्वांत मोठं नुकसान करतात वेगवान इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन. पृथ्वीच्या चुंबकत्वाने अडकवून ठेवलेल्या अशा कणांचे पट्टे तिच्याभोवती आहेत. एखादा कण घटात घुसला की वाटेतल्या अणूला धक्का देऊन जागेवरून हलवतो. स्फटिकाच्या रांगेत एक जागा रिकामी राहते आणि हललेला अणू नको तिथे अडकतो.

याचा विजेशी संबंध असा. प्रकाशाने मोकळा केलेला इलेक्ट्रॉन घटाच्या सीमेपर्यंत, म्हणजे दोन प्रकारचे थर जिथे भेटतात तिथे पोहोचला तरच त्याची वीज होते. वाटेत तो एखाद्या मोडक्या जागेत पडला तर तिथेच विरतो. जाड सिलिकॉनमध्ये खोलवर जन्मलेल्या इलेक्ट्रॉनला शंभर मायक्रोमीटर चालून यावं लागतं. पावसाळ्याने उखडलेल्या रस्त्यावरून ज्याला शंभर मैल जायचं आहे तो कुठे ना कुठे अडकणार. ज्याचं घर पलीकडच्या वळणावर आहे तो खड्डे चुकवत सहज पोहोचेल. पातळ थरातल्या इलेक्ट्रॉनचं घर असं जवळ असतं. प्रारणाने तोच रस्ता तितकाच उखडला, तरी त्याची वाट मुळात आखूड आहे. त्याच्या टिकाऊपणाचं पहिलं रहस्य हे.

प्रारण काय करू शकतं हे जगाला एका भयंकर प्रयोगातून कळलं. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातल्या जॉन्स्टन बेटावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटन शक्तीचा अणुस्फोट केला. ‘स्टारफिश प्राइम’ हे त्याचं नाव. स्फोटातून सुटलेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि एक कृत्रिम प्रारणपट्टा तयार झाला. अडीच महिन्यांपूर्वीच कक्षेत गेलेला ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ आणि अमेरिकेचे ट्रान्झिट-४बी व ट्रॅक यांच्या सौरघटांची शक्ती झपाट्याने घसरली. ट्रान्झिट आणि ट्रॅक काही आठवड्यांतच गप्प झाले. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी उडालेल्या टेलस्टार उपग्रहाचे ३६०० सौरघट नीलमण्याच्या पातळ तुकड्यांखाली झाकलेले होते. तोही त्या पट्ट्यातून जात राहिला. पुढे त्याच्या इलेक्ट्रॉनिक भागांनी दगा दिला आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये त्याचं काम थांबलं. सौरघटाला चिलखत हवं, हे तेव्हापासून कुणालाही पटवून द्यावं लागलं नाही.

तांब्याचे दोन चेहरे

पातळ थर अवकाशात नेण्याचा विचार नवा नाही. १९६० च्या दशकातच अमेरिकेत कॉपर सल्फाइड आणि कॅडमियम सल्फाइड यांच्या पातळ घटांवर मोठी मेहनत झाली. प्लास्टिकच्या कागदावर बसवलेले, गुंडाळता येणारे असे ते घट होते. ४ एप्रिल १९७२ रोजी फ्रान्सचा छोटा उपग्रह ‘स्रेट-१’ सोव्हिएत प्रक्षेपकावरून गेला तोही अशा पातळ घटांची प्रारणपट्ट्यांतली झीज मोजण्यासाठी.

कॉपर सल्फाइडच्या घटांनी निराशा केली. दमट हवेत ते बिघडत, तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्यांत त्यांच्या जोडण्या निखळत आणि सर्वांत खोल दुखणं म्हणजे त्यांतलं तांबं जागेवर राहत नसे. व्होल्टेजच्या ओढीने आणि उष्णतेने तांब्याचे कण सरकत आणि घटाच्या आतच विजेला चोरवाटा तयार होत. जे अंतर इलेक्ट्रॉनला सोयीचं होतं तेच तांब्यालाही सोयीचं ठरलं. जाड घटात परक्या अणूने दोन मायक्रोमीटर घुसखोरी केली तर तो उंबऱ्यातच राहतो. पातळ घटात तो थेट माजघरात पोहोचतो.

मला वाटतं, पातळ सौरघटांची सगळी कहाणी या एका गोष्टीत सामावलेली आहे. वाट जवळची असणं ही त्यांची शक्ती आहे, आणि ही जवळची वाट कुणालाही अडवत नाही.

तांब्याचा दुसरा चेहरा मात्र विलक्षण आहे. ४ फेब्रुवारी २००२ रोजी जपानने ‘त्सुबासा’ हा चाचणी उपग्रह लांबुळक्या कक्षेत सोडला. प्रत्येक फेरीत तो प्रारणपट्ट्यांच्या गाभ्यातून जात असे. त्याच्यावर अनेक जातींचे सौरघट होते आणि त्यांत तांबं-इंडियम-गॅलियम-सेलेनियमचे पातळ घटही होते. बाकीचे घट त्या माऱ्याने झिजत असताना या पातळ घटांचा विद्युतप्रवाह कमी झालेला दिसला नाही. व्होल्टेज अगदी किंचित उतरलं. आखूड वाटेने एवढं संरक्षण मिळणं समजू शकतं, पण इथे आणखी काही घडत होतं. या पदार्थातही तांब्याचे अणू चळवळे असतात. प्रारणाने रिकाम्या केलेल्या जागांच्या आसपास ते सरकतात, जोड्या जमवतात आणि जखमेचा विजेवरचा परिणाम निवळतो, असं स्पष्टीकरण संशोधक देतात. जमिनीवरच्या चाचण्यांतही प्रारणाने दुखावलेले हे घट माफक उबेत, प्रकाशात ठेवल्यावर सावरताना दिसले आहेत. एका पदार्थात ज्या चालण्याने घर मोडलं, दुसऱ्या पदार्थात त्याच चालण्याने ते सावरलं.

अस्फटिकी सिलिकॉनची गत या दोहोंहून वेगळी. १९७७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड स्टेबलर आणि क्रिस्टोफर व्रॉन्स्की यांनी दाखवलं की हा पदार्थ प्रकाशानेच थकतो. उन्हात ठेवला की त्याची कार्यक्षमता सुरुवातीला उतरते. सुमारे १५० अंश सेल्सियसच्या वर तापवला की ती पुन्हा चढते.

झिजवणारा वारा, हलवणारं ऊन

अवकाश म्हणजे निर्वात पोकळी, असं आपण म्हणतो. तीन-चारशे किलोमीटर उंचीवर मात्र थोडे अणू असतात आणि त्यांत मोठा वाटा ऑक्सिजनच्या एकट्या अणूंचा. खाली आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन जोडीने राहतो. वर सूर्याच्या अतिनील किरणांनी त्या जोड्या फोडलेल्या असतात आणि एकटा पडलेला अणू कुणाशीही जोडला जायला आसुसलेला असतो. उपग्रह त्यांच्यात सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर वेगाने घुसतो. प्लास्टिकच्या आधारावर याचा परिणाम वाळूचा वारा लाकडाला कोरतो तसा होतो, आणि वर रासायनिक भूकही असते.

एप्रिल १९८४ मध्ये चॅलेंजर यानाने एल्डेफ नावाचा बसएवढा सांगाडा कक्षेत ठेवला. त्याच्यावर नाना पदार्थांचे नमुने होते. तो जानेवारी १९९० मध्ये, जवळपास पावणेसहा वर्षांनी कोलंबिया यानाने परत आणला. त्याच्या प्रवासाच्या दिशेकडच्या बाजूवर उघडे लावलेले प्लास्टिकचे पातळ पापुद्रे झिजून नाहीसे झाले होते. म्हणून पातळ सौरघटाच्या प्लास्टिकवर सिलिकॉन डायऑक्साइडसारख्या, ऑक्सिजनने आधीच तृप्त असलेल्या पदार्थाचा लेप देतात. त्या लेपाला सुईच्या अग्राएवढं छिद्र राहिलं तरी आतून पोकळी कोरली जाते. वरून सगळं धड दिसत असतं.

दुसरा त्रास तापमानाचा. खालच्या कक्षेत उपग्रह दर दीड-पावणेदोन तासांनी पृथ्वीची प्रदक्षिणा करतो. उन्हात सौरघट पाणी उकळेल इतके तापू शकतात, सावलीत शून्याखाली शंभर अंशांच्या आसपास जातात. वर्षाकाठी अशा पाच-सहा हजार फेऱ्या होतात. धातू, काच, प्लास्टिक आणि अर्धवाहक हे सगळे सारखे प्रसरण पावत नाहीत. प्रत्येक फेरीत थरांच्या सीमेवर थोडी ओढाताण होते आणि बांधणी कच्ची असेल तर एके दिवशी पोपडा सुटतो.

हलकेपणाची किंमत हबल दुर्बिणीनेही मोजली आहे. १९९० मध्ये गेलेल्या हबलचे पहिले सौरपंख गुंडाळी उलगडून पसरणारे, लवचीक होते. सावलीतून उन्हात येताना त्यांची चौकट एकीकडून तापून वाकायची आणि पंखांचा थरकाप दुर्बिणीपर्यंत पोहोचायचा. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी ते बदलले. त्यांतला एक इतका वाकला होता की तो गुंडाळता आला नाही आणि अवकाशात सोडून द्यावा लागला. २००२ मध्ये हबलला गॅलियम आर्सेनाइडचे लहान, ताठ पंख मिळाले. घट धड असून चालत नाही. ज्याच्या अंगावर तो बसतो तो आधारही धड हवा.

चिलखतावरच घडवलेला घट

आता पेच उभा राहतो. पातळ थर प्रारण चांगलं सोसतो, पण मंद गतीचे प्रोटॉन फार खोल जात नाहीत आणि उघड्या पातळ घटात नेमके कामाच्या थरातच येऊन थांबतात. त्यांना अडवायला वर काच हवी. नेहमीच्या अवकाश-घटांवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी काच पारदर्शक डिंकाने चिकटवतात. काचेत सेरियम मिसळलेलं असतं, त्यामुळे ती प्रारणाने तांबूस पडत नाही आणि खालच्या डिंकाला अतिनील किरणांपासून वाचवते. पातळ घटावर काच चिकटवली तर वजन परत आलं, डिंक आला आणि डिंकाबरोबर पिवळं पडणं, सुटणंही आलं.

अल्सॅट-१एनच्या चार घटांमागची कल्पना या पेचाला सरळ भिडते. स्वान्सीच्या संशोधकांनी काच नंतर बसवण्याऐवजी काचेपासूनच सुरुवात केली. अवकाशासाठी मान्य असलेल्या त्या अतिपातळ काचेच्या पाठीवर त्यांनी आधी पारदर्शक वाहक थर चढवला, त्याच्यावर कॅडमियम टेल्युराइडचा घट वाफेतून जमवला आणि शेवटी सोन्याचा थर दिला. प्रकाश काचेतून आत येतो. काच हाच आधार आणि काच हेच चिलखत. मध्ये डिंकाला जागाच नाही. अशा बांधणीचे घट कक्षेत जाण्याची ती पहिली वेळ होती.

भीती एका गोष्टीची होती. काच आणि घट एकमेकांना सोडतील का? हजारो वेळा तापून गार झाल्यावर काही मायक्रोमीटरचा पापुद्रा काचेवरून उलगडून निघेल का? सुमारे ७०० किलोमीटर उंचीच्या ध्रुवीय कक्षेतून उपग्रह मोजमापं पाठवत राहिला. क्रेग अंडरवुड, डॅन लँब आणि त्यांचे सहकारी ती तपासत राहिले. महिने गेले, वर्षं गेली. सहा वर्षांत ३०,००० हून अधिक प्रदक्षिणा झाल्या आणि एकही पापुद्रा सुटल्याची खूण दिसली नाही. घटातून निघणारा कमाल प्रवाह पहिल्यासारखाच होता. काच काळवंडली असती किंवा प्रारणाने थर नासला असता, तर हा प्रवाह आधी घटला असता. आतल्या जोडण्यांचा अडथळाही वाढलेला नव्हता.

बिळातून गेलेलं पाणी

तरीही चारही घट दर वर्षी थोडे अशक्त होत होते.

हे कोडं शेताला पाणी देणारा माणूस लगेच ओळखेल. पाटाच्या कडेला खेकड्याने बीळ केलेलं आहे. पाणी मोकळं वाहत असतं, पातळी कमी असते, तोवर बिळाकडे लक्षही जात नाही. जेवढं वरून येतं तेवढंच खाली पोहोचतं. उंचावरच्या वाफ्यात पाणी चढवण्यासाठी पुढे आडवी फळी घालून पातळी वाढवली, की बिळातून धार लागते.

सौरघटाचं असंच असतं. त्याची दोन टोकं एकमेकांना थेट जोडली तर व्होल्टेजचा दाब नसतो आणि प्रवाह पुरा मिळतो. प्रत्यक्ष काम करून घ्यायचं तर व्होल्टेज चढवावं लागतं. आत कुठे चोरवाट असेल तर तेव्हाच वीज तिच्यातून परतते. घट प्रवाह आणि व्होल्टेज या दोन्ही बाजू किती भरीवपणे सांभाळतो त्या मापाला फिल फॅक्टर म्हणतात. चारही घटांचा फिल फॅक्टर उतरत होता आणि आलेखाचा आकार सांगत होता की घटाच्या आत गळती वाढते आहे.

बीळ कोण पाडत होतं? संशोधकांनी बोट ठेवलं ते सोन्यावर. पाठीवरच्या थरातले सोन्याचे अणू कॅडमियम टेल्युराइडमध्ये उतरत होते. हा थर एकसंध स्फटिक नसतो. सूक्ष्म कणांच्या गर्दीचा बनलेला असतो आणि कणांमधल्या फटी म्हणजे अशा अणूंना गल्लीबोळच. कक्षेतली ऊब, वर्षांचा अवधी आणि काही मायक्रोमीटरचं अंतर एवढं सोन्याला पुरेसं झालं. १९६० च्या दशकात तांब्याने केलं तेच.

या निकालात मला दिलासा वाटतो. अवकाशाने जे जे म्हणून फेकलं ते घटाने झेललं. मोडलं ते एका जोडणीवर, आणि ती जोडणी माणसाने सोयीसाठी निवडलेली होती. कॅडमियम टेल्युराइडच्या पाठीला विजेचा चांगला संपर्क करणं मुळात अवघड; सोनं ते काम प्रयोगशाळेत पटकन करून देतं. पृथ्वीवर पंचवीस वर्षं छपरांवर आणि माळांवर राहायचे जे कॅडमियम टेल्युराइडचे पॅनेल कारखान्यांत बनतात, त्यांच्या पाठीला झिंक टेल्युराइडसारखे अधिक स्थिर थर वापरण्याची पद्धत रुळलेली आहे. पुढचे घट असेच बांधावेत, हाच या संशोधकांचा सल्ला. अवकाशातलं तंत्रज्ञान घरी येतं, असं आपण नेहमी ऐकतो. इथे अवकाशाने छपराकडून शिकायचं आहे. चेन्नईजवळच्या कारखान्यात असे पॅनेल आज आपल्याकडेही बनतात.

नवा उमेदवार

सध्या सर्वांच्या तोंडी नाव आहे पेरोव्हस्काइटचं. शिसं, आयोडीन आणि सेंद्रिय घटक यांचे हे स्फटिक द्रावणातून, शाईसारखे पसरवून बनवता येतात. जमिनीवर त्यांना मारतात हवेतली ओल आणि ऑक्सिजन. तशी हवा अवकाशात नसते, म्हणून आशा मोठी. जून २०१९ मध्ये स्वीडनमधल्या किरुनाजवळून उडालेल्या रॉकेटवर म्युनिकच्या संशोधकांनी असे घट काही मिनिटांसाठी अवकाशात नेले आणि त्यांनी वीज दिली. २०२० मध्ये नासाच्या लिंडसी मॅकमिलन-ब्राउन यांच्या गटाने पेरोव्हस्काइटचा एक थर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर ठेवायला पाठवला. दहा महिने तिथे राहून तो परतला तेव्हाही त्याचा प्रकाश शोषणारा गडद रंग टिकून होता.

पण जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅलटेक संस्थेने कक्षेत पाठवलेल्या प्रयोगात ३२ प्रकारच्या घटांची परीक्षा झाली, तिथे चित्र कमी सुखद होतं. गॅलियम आर्सेनाइडचे स्वस्तात बनवलेले घट सातत्याने चांगले चालले. पेरोव्हस्काइटचे घट एकमेकांशी जुळेनात; कुणी तगला, कुणी ढासळला.

इथेही जुनी ओळख पटते. पेरोव्हस्काइटमधले आयोडीनचे कण स्वतःच चळवळे असतात. २०१६ मध्ये, म्हणजे आपले चार घट ज्या वर्षी उडाले त्याच वर्षी, स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी दाखवलं की घट ७० अंश सेल्सियसला ठेवला की पाठीवरचं सोनं मधला थर ओलांडून पेरोव्हस्काइटमध्ये शिरतं आणि घटाला कायमचं दुबळं करतं. त्यांनी उपायही दाखवला: मध्ये क्रोमियमचा पातळ बांध घातला की सोन्याची वाट अडते. अवकाशात सौरघट ७० अंशांच्या वर सहज जातात. उद्याच्या पेरोव्हस्काइट घटाचं भवितव्य त्याच्या कार्यक्षमतेच्या उच्चांकापेक्षा अशा एखाद्या बांधावर जास्त अवलंबून राहील.

पातळ थराचा सौरघट बांधणाऱ्याला म्हणून दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. इलेक्ट्रॉनसाठी वाट आखूड ठेवायची, आणि त्याच आखूड वाटेवर तांबं, सोनं, आयोडीन यांच्यापैकी कोण पाऊल टाकू शकेल हे आधीच ओळखून तिथे पहारा बसवायचा. पहिलं काम पदार्थ स्वतः करतो. दुसरं माणसाला करावं लागतं, आणि ते करण्यासाठी चार घट कुठे आणि कसे मोडले हे कुणीतरी सहा वर्षं नेटाने मोजून, जसं दिसलं तसं सांगावं लागतं.

त्या सोन्याने आपली जागा सोडली नसती, तर ती जागा त्याच्यासाठी नव्हती हे कळलंच नसतं.